वीतभराहून कमी प्रवास

बदनापुराहून निघणाऱ्या माणसाला एका बाजूला जालना दिसते, दुसऱ्या बाजूला छत्रपती संभाजीनगर, आणि दोन्हीकडे एसटी जात असल्यामुळे प्रवासवर्णनाला काही उरत नाही. उरतो तो एकच प्रवास, ज्यात गाव सुटत नाही. माउंटन सायकलच्या ड्रॉपर सीटपोस्टवर सीट जेवढी खाली-वर सरकते, त्या अंतराला या धंद्यात 'ट्रॅव्हल'च म्हणतात. ते साधारण दीडशे मिलिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. हँडलवरचा खटका दाबून बूड टेकले की सीट खाली जाते आणि बूड उचलून पुन्हा दाबला की मुकाट वर येते. ही गाडी रुळावरून घसरली की आरोप होतो पोटातल्या, तेल आणि दाबलेला वायू भरलेल्या कार्ट्रिजवर, कारण ते महाग असते आणि दिसत नाही. माझे म्हणणे असे की गुन्हेगार बहुधा बाहेरच असतो: फुफाटा, केबल, नाहीतर मालकाच्या हातातला पाना.

आता कोणी म्हणेल, ज्या गावाचे नाव डोंगरामुळे नव्हे तर 'बीडीएन ७११' या तुरीच्या वाणामुळे शेतकऱ्यांच्या तोंडी आहे, तिथे ही चैन कशाला? पण २०२२ साली मिलान–सान रेमो ही २९३ किलोमीटरची शर्यत मातेय मोहोरिचने जिंकली ती डांबरी रस्त्यावर, आणि शेवटच्या पोज्जोच्या उतारावर त्याने ड्रॉपरनेच सीट खाली घेतली होती. सोमठाण्याच्या रेणुकामातेच्या गडावरून उतरणाऱ्याला तेवढी घाई नसेल, पण मागे सरकायला जागा त्यालाही लागते. शिवाय पॅडल मारायला योग्य असलेली सीट थांबताना पाय टेकायला नेमकी अयोग्य असते. समोर बैलगाडी आडवी आली की हे तत्त्वज्ञान फार लवकर समजते.

तपासाची रीत सोपी आहे, पण क्रम चुकवू नये. सीट आळसावून वर येत असेल तर आधी फ्रेमवरचा क्लॅम्प किंचित सैल करून बघावा. आवळण्यात पुरुषार्थ मानणारे हात नळीचा गळाच दाबतात, वास्तविक पाच-सहा न्यूटन-मीटर बहुधा पुरतात. वर ठेवलेली सीट आपोआप खाली सरकत असेल तर केबल खालच्या टोकाला सोडून पाहावी. सरकणे थांबले, तर ताण जास्त होता आणि कार्ट्रिजची झडप पुरती मिटत नव्हती. सीटचे नाक डावी-उजवीकडे मान हलवत असेल तर नळीला फिरू न देणाऱ्या आतल्या पितळी चाव्या झिजल्या, पुढे-मागे डुलत असेल तर बुश. आपल्याकडची काळी माती पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात उडते. ती ग्रीसमध्ये कालवली गेली की सहाणेवर खोड उगाळावे तसे पितळ उगाळले जाते. केबल सोडूनही सीट सोफ्यासारखी दबली, तरच कार्ट्रिजला आत घ्यावे: तेलात हवा मिसळलेली असते. सरकारी कचेरीतली साहेबांना हळूहळू टेबलाखाली नेणारी खुर्ची याच कुळातली. तिच्याही नळीत दाबलेला वायूच असतो.

यावर जाणकार म्हणतात, थोडा ढिलेपणा नव्या पोस्टलाही असतो. खरे आहे, सरकणाऱ्या वस्तूला फट लागतेच, म्हणून नाक केसभर हलले तर दुकान गाठू नये. दुसरा पक्ष रॉकेलचा. कुठल्याही आजारावर रॉकेल हा उपाय चेनला चालत असेल, इथे ते ग्रीस धुऊन नेते आणि माती तेवढी मागे ठेवते. त्यापेक्षा वरची कॉलर उघडून सगळे कोरड्या फडक्याने पुसावे, कोणती चावी कुठल्या खाचेत होती ते ध्यानात ठेवावे, झिजलेली असेल तर एक माप मोठी घालावी आणि ग्रीस पोळीला तूप लावतात तेवढेच लावावे, पुरणपोळीला नव्हे. सीलबंद कार्ट्रिज मात्र उघडू नये. आत दाब असतो आणि तो कोणाची ओळख ठेवत नाही. ते बदलायचेच असते. आणि खाली दाबलेल्या सीटला धरून सायकल टपावर चढवू नये, कारण त्या ओढीने काही पोस्ट आत हवा ओढून घेतात. फ्रेमला धरावे. टपावरचा माणूस मात्र सीटच मागेल, कारण त्याच्या हाताला तीच आधी लागते.