खिळ्यांचा बोभाटा

कुणाला सांगू नका, पण कळंब नाक्यावर हल्ली पोरांच्या तोंडी ना कुणाचं लग्न, ना कुणाच्या जमिनीचा सौदा. पोलीस भरतीची तयारी करणारी ही पोरं बोलतात ती बुटांवर! तेही खिळ्यांच्या. नेरळहून मिनीडोरमध्ये बसावं, तर शेजारच्याच्या मोबाइलवर नायकीचा मॅक्सफ्लाय. किंमत पंधरा हजारांच्या घरात. शिव शिव! तेवढ्यात घरातल्या सगळ्यांच्या चपला चार पावसाळे निघतील.

आणि त्या बुटात असतं काय, ते ऐका. तळाशी कार्बन फायबरची ताठ पट्टी, चवड्याखाली हवेची पिशवी आणि फेस म्हणावा इतका हलका फोम. धावताना बोटांच्या मुळाशी पाऊल वाकतं, तिथे थोडी ताकद वाया जाते. पट्टी म्हणते, वाकायचं नाही. फोम म्हणतो, जेवढं दाबलंस त्यातलं बरंचसं परत घे. जोरात धावणाऱ्याचा पाय जमिनीला टेकतो जेमतेम सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्यात ही देवाणघेवाण उरकायची. आमच्याकडे उसने दिलेले पैसे दहा वर्षांत परत येत नाहीत, आणि हा बूट सेकंदाच्या दहाव्या भागात हिशेब चुकता करतो म्हणे!

खरा तमाशा झाला 2021च्या टोकियो ऑलिंपिकात. नॉर्वेचा कार्स्टन वॉरहोम 400 मीटर अडथळ्यांची शर्यत 45.94 सेकंदांत धावला. जुना विक्रम 46.70चा, तोही त्याचाच, महिन्याभरापूर्वीचा. दुसरा आलेला अमेरिकेचा राय बेंजामिन 46.17, म्हणजे तोसुद्धा जुन्या विक्रमाच्या आत. एवढं सोनं गळ्यात पडल्यावर माणसाने पेढे वाटावेत की नाही? हा मात्र बेंजामिनच्या नायकी बुटांवर घसरला. पायाखाली ट्रॅम्पोलिन घालून धावणं त्याला मुळीच पटलं नव्हतं, आणि तो जे बोलला ते शब्द चारचौघांत सांगण्यासारखे नाहीत. आता गंमत पाहा. या सोवळ्यातल्या माणसाच्या पायात काय होतं? पुमाचा बूट, त्यातही कार्बनची पट्टी, आणि तो बनवायला मर्सिडीजच्या फॉर्म्युला वनवाल्यांची मदत! म्हणजे मोटारीच्या शर्यतीतलं तंत्र चालतं, हवेची पिशवी तेवढी ओवळी.

उसेन बोल्टही त्याच सुमारास या नव्या बुटांवर नाराजी दाखवून मोकळा झाला. पण त्याचा 2009चा बर्लिनमधला शंभर मीटरचा 9.58 सेकंदांचा विक्रम या बुटांनी अजून काही मोडलेला नाही. बायकांच्या शंभर मीटरमधला फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनरचा 10.49 तर 1988 पासून बसून आहे. मग एवढा बोभाटा कसला? अभ्यासकांनी 2010 ते 2022 मधल्या दरवर्षीच्या सर्वोत्तम शंभर वेळा पडताळल्या, तेव्हा या बुटांचा बायकांना झालेला फायदा पुरुषांपेक्षा जास्त दिसला. हे वाचून मला फार बरं वाटलं. का, ते विचारू नका.

जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने शेवटी हातात फूटपट्टी घेतली. बुटाच्या तळाची जाडी 20 मिलिमीटर, त्यावर नाही. आठशे मीटर आणि पुढच्या शर्यतींना 25ची सवलत होती, तीही 1 नोव्हेंबर 2024 पासून गेली. खिळे जास्तीत जास्त अकरा, आणि सिंथेटिक ट्रॅकवर लांबी 9 मिलिमीटर.

पण ही सोवळ्याओवळ्याची कटकट आजची नव्हे. हे पुमा आणि आदिदास म्हणजे दोन सख्ख्या डास्लर भावांची भाऊबंदकी. एका कारखान्यातून 1936 साली जेसी ओवेन्सला बूट दिले आणि पुढे एकाच गावात चुली वेगळ्या केल्या. अर्मिन हारीने 1960ला रोममध्ये शंभर मीटर जिंकले पुमा घालून आणि पदक घ्यायला गेला आदिदास घालून! दोन्ही घरचं जेवण जेवणारा पाहुणा आपण पाहिला आहे, पण हा तर ऑलिंपिकच्या व्यासपीठावर. पुमाने 1968मध्ये सहा खिळ्यांच्या जागी 68 बारीक सुया लावलेला बूट काढला. तो घालून जॉन कार्लोस 200 मीटर 19.7 सेकंदांत धावला, आणि ती वेळ विक्रम म्हणून मानलीच गेली नाही. मुकाट बसली बिचारी.

आणि आता जपानच्या असिक्सने खिळ्यांचा असा बूट काढलाय की त्यात खिळेच नाहीत! खिळा ट्रॅकमध्ये रुतायला आणि निघायला वेळ जातो, म्हणून तळाला मधमाशीच्या पोळ्यासारखी कार्बनची जाळी. उद्या म्हणतील, धावायला पाय कशाला?

आपल्याकडे हे सगळं कुठे होतं? पुण्यात डेक्कन जिमखान्यावर 1919च्या सुमारास शेतकऱ्यांची पोरं अनवाणी धावली. दोराबजी टाटा पाहतच राहिले, कारण काहींच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जात होत्या. मैदान इतकं लहान की शंभर यार्डांची शर्यत वळणावरून घ्यायचा आयोजकांचा बेत. वळणावरून! त्यातूनच 1920च्या अँटवर्प ऑलिंपिकची वाट निघाली. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन धावले.

कळंबची अडचण निराळी. नियमात मातीच्या ट्रॅकसाठी खिळा 25 मिलिमीटरपर्यंत चालतो, पण जुलैत इथल्या चिखलाला तेवढाही पुरत नाही, आणि डांबरी रस्त्यावर खिळे आठवड्याभरात बोथट होतात. तरी पोरं ऐकत नाहीत, कारण त्यांचा हिशेब जगाहून कडक. नोआ लाइल्सने पॅरिस ऑलिंपिकात शंभर मीटर सेकंदाच्या पाच सहस्रांशांनी जिंकले, त्याचं कौतुक सगळ्यांना. भरतीत पुरुषांना शंभर मीटर 11.50 सेकंदांत धावलं की पंधरा गुण. त्यापुढे शतांशभर जरी गेलं तरी बारा. शतांशाला तीन गुण! आणि पुढे यादी लागते ती अर्ध्या गुणावर.

म्हणून तर एका घरात, नाव घेत नाही, परवा मोठी वादावादी झाली म्हणे. बाप म्हणाला, "त्या बुटांनी किती फरक पडंल?" पोरगा म्हणाला, "शतांशाचा, बाबा." बाप उसळला, "शतांशाला पंधरा हजार?" पोराने तीन गुणांचा हिशेब मांडला. बाप गप्प. पैसे कुठून काढायचे याची आकडेमोडही सुरू झाली. तेवढ्यात ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली आजी म्हणाली, "आधी भरतीच्या मैदानात ते खिळं घालून पळू देतात का, तेवढं इचारून ये. मग बापाकडं माग."