अर्ध्या मिलिमीटरचा धनी

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात सायकल चालवणारे, सायकल विकून स्कूटर घेतलेले आणि सायकलींचे दिवस आठवून नुसतेच हळहळणारे असे तीन वर्ग सर्वपरिचित आहेत. जो चौथा वर्ग सायकल घरीच बांधायला घेतो, त्याचीही वेगळी ओळख करून देण्याची खरे तर गरज नाही. कारण ज्या सोसायटीत असा एक जरी गृहस्थ राहतो, तिथे तो रविवारी दुपारी दीड वाजता, म्हणजे पुणेकराच्या वामकुक्षीच्या ऐन घटकेला, कानशीच्या आवाजाने ते काम स्वतःच उरकतो. नाटक लिहिणारा तो नाटककार, या न्यायाने त्याला सायकलकार म्हणावे. हा प्राणी बहुधा पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या कारखान्यातील गुणवत्ता-तपासणी विभागातून निवृत्त झालेला असतो, आणि इतरांच्या खिशात जिथे पेन असते तिथे याच्या खिशात व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा हिस्साही दाखवणारे मोजमापाचे साधन असते.

‘सायकल बांधणे’ या शब्दप्रयोगाने अनभिज्ञांची फसगत होते. चाके, साखळी, ब्रेक, सीट यांतले काहीही सायकलकार बनवत नाही. तो बनवतो केवळ सांगाडा, ज्याला दुकानात फ्रेम म्हणतात आणि ज्याची मांडणी १८८५ साली जॉन केंप स्टार्ली या इंग्रजाच्या ‘रोव्हर’ सायकलीने ढोबळमानाने घालून दिली. त्या मांडणीत सुधारणा करण्याचा सायकलकाराचा दावा नसतो. त्याला हवी असते ती स्वतःच्या देहाला बेतून घेतलेली फ्रेम, शिंप्याकडच्या सदऱ्यासारखी. यासाठी अनवाणी उभे राहून दोन पायांमध्ये एक जाडजूड ग्रंथ शक्य तितका वर धरायचा, जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजायचे आणि त्याला ०.६७ ने गुणायचे, म्हणजे फ्रेमच्या उंचीचा अंदाज मिळतो. मराठी विश्वकोशाचा खंड या कामी उत्तम ठरतो. मात्र घरकामाच्या बाई नेमक्या त्याच वेळी खोलीत आल्या, तर विश्वकोशाच्या उपयुक्ततेविषयी त्यांचा जो ग्रह होतो तो पुढे दूर करता येत नाही.

नळ्या साध्या चालत नाहीत. क्रोम-मॉली, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम यांचा अल्प अंश मिसळलेले पोलाद लागते. त्यातही दोन्ही टोकांना ०.८ आणि मधे ०.५ मिलिमीटर जाडीची, म्हणजे जिथे जोड येतो तिथे जाड आणि एरवी पातळ अशी नळी अधिक प्रतिष्ठेची. अशा नळ्यांचे पेटंट आल्फ्रेड रेनॉल्ड्स याने १८९७ साली इंग्लंडमध्ये घेतले, ही माहिती सायकलकार सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेतही देतो. त्या आणण्याचे काम बर्मिंगहॅमच्या पुतण्याकडे असते, आणि जाताना बाकरवडी व येताना नळ्या वाहणाऱ्या त्या तरुणाने अलीकडे भारतात येणे कमी केले आहे.

एवढे साहित्य जमले की सायकलकाराच्या आयुष्यात अर्धा मिलिमीटर प्रवेश करतो. फ्रेम सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी आधी एक निर्विवाद सपाट पृष्ठभाग लागतो. कारखान्यात त्याला सरफेस प्लेट म्हणतात, घरात त्याला स्वयंपाकाचा ओटा म्हणतात. ओट्याचा ग्रॅनाइट डाव्या कोपऱ्यात अर्धा मिलिमीटर खोल असल्याचा शोध लागतो, तेव्हा त्याच दगडावर बावीस वर्षे निर्वेधपणे पोळ्या लाटलेल्या गृहिणीला आपल्या संसाराचा पायाच कलता होता हे प्रथम समजते. “अहो, कुकर ठेवायचाय, सायकल उचला,” असे म्हणताच उत्तर येते, “हात लावू नकोस, अर्धा मिलिमीटर हलेल.” पुढे हे माप पसरत जाते. गणपतीचे मखर त्याला अर्ध्या मिलिमीटरने कललेले दिसते. भाचीच्या लग्नात अंतरपाट समपातळीत धरलेला नाही, हे तो शेवटच्या मंगलाष्टकाच्या वेळी मामाच्या कानात सांगतो, आणि सावधान म्हणायच्या वेळी मामा पाटाऐवजी पट्टीचा विचार करत राहतो.

खरा घात मात्र अग्नी करतो. नळ्या जोडण्याच्या ज्या पद्धतीला ब्रेझिंग म्हणतात, तिच्यात नळी स्वतः वितळवत नाहीत. ती विझत आलेल्या निखाऱ्याइतकी लाल करून सांध्यात चांदीमिश्रित झाळ सोडतात, जी साधारण साडेसहाशे ते सातशे अंश सेल्सिअसला पाण्यासारखी धावते आणि केसाएवढ्या फटीत आपोआप ओढली जाते. तापलेल्या धातूवर गंज चढून झाळ नाकारली जाऊ नये म्हणून वर जो लेप देतात, त्यातला टाकणखार सोनारही वापरतात; त्यामुळे सायकलकार स्वतःला सोनारांच्या पंक्तीत बसवतो, आणि जळक्या पडद्याकडे पाहता सोनारांनी हरकत घ्यायला हवी. परंतु नळी तापताना पसरते, निवताना आक्रसते आणि सांधे सगळीकडे सारखे निवले नाहीत, तर सगळा सांगाडा हळूच एका बाजूला ओढून घेते. मग मागच्या टोकापासून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने मागे असा पतंगाचा दोरा ताणायचा, सीटच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर मोजायचे, आणि ते किती चुकले असेल हे सोसायटीतील शाळकरी मुलेही एका सुरात सांगू शकतात.

वास्तविक ही फ्रेम ज्या रस्त्यांवर जायची, तिथले गतिरोधक गावंढळ उंटाच्या पाठीसारखे आणि खड्डे पावसाळ्यात बदके पोहतील असे असतात. पाईपलाईनसाठी उकरून अर्ध्या फुटाच्या फरकाने बुजवलेल्या त्या रस्त्यांना मंजुरी देणाऱ्या शहरात अर्ध्या मिलिमीटरसाठी जोड तिसऱ्यांदा सोडवणारा माणूस हास्यास्पद ठरतो. शहराचा हिशेब कोणी मागत नाही, ही गोष्ट वेगळी.

तरीही, आणि हे काहीशा नाइलाजाने मान्य करावे लागते, या माणसाने पस्तीस वर्षे ज्या विभागात काढली तिथे त्याच्यासमोर रोज कुठल्या तरी यंत्राचा एकच एक सुटा भाग येत होता, आणि त्याचे काम ‘चालेल’ किंवा ‘परत’ एवढा शेरा मारण्याचे होते. तो भाग पुढे कशात बसला, ते यंत्र कुठे गेले, हे त्याला कोणी सांगितले नाही. दुसऱ्याच्या हातची चूक शोधण्यावर त्याने घर घेतले, मुलांची शिक्षणे केली. पण मुळापासून शेवटापर्यंत आपल्या हाताने झालेली एकही वस्तू, अगदी चुकलेलीसुद्धा, त्याच्या नावावर नव्हती.

फ्रेम एके दिवशी होतेच. रंगाला देण्यापूर्वी तिच्या तळाशी, पायडलांचा आस ज्यात फिरतो त्या अडुसष्ट मिलिमीटर रुंदीच्या नळीच्या खालच्या अंगाला, जिथे सायकल उलटी केल्याशिवाय कोणाची नजर पोचत नाही, कारागीर क्रमांक ठोकतात. सहासष्टाव्या वर्षी, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेला सायकलकार भोसरीहून आणलेले आकड्यांचे पंच काढतो आणि तिथे १ न ठोकता ००१ ठोकतो. शेवटचा आकडा किंचित खाली बसतो. किती, हे तो मोजत नाही.