पंच्याऐंशी लिटरची फळी

आमेरमध्ये समुद्र सोडून सगळं आहे. किल्ला आहे, त्याच्या डोक्यावर जयगड नावाचा आणखी एक किल्ला आहे, पायथ्याशी मावठा तलाव आहे, पन्ना मीना कुंडाच्या पायऱ्या आहेत, हत्ती आहेत आणि हत्तींच्या मागे हॉर्न वाजवत अडकलेल्या जीपगाड्या आहेत. समुद्र मात्र सरळ रेषेत गेलं तरी सुमारे ६०० किलोमीटरवर. तोही खंभातच्या आखाताचा, म्हणजे गढूळ पाणी आणि चिखल. बँकेने माझी बदली जयपूरला केली तेव्हा बायकोने किल्ला दिसतो या एकाच मुद्द्यावर इथलं घर पसंत केलं. किल्ला खरोखरच दिसतो. पाणी एक दिवसाआड येतं.

अशा घरात बसून मी गेले काही महिने सर्फबोर्ड निवडत होतो.

हे खूळ पुण्याहून आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलिपुरमला आशियाई सर्फिंग स्पर्धा झाली आणि तिथे आपल्या रमेश बुदिहालने कांस्यपदक मिळवलं. त्या रात्री माझ्या भाच्याचा फोन आला. "मामा, डिसेंबरमध्ये गोव्याला जातोय ना आपण? तू आणि मी सर्फिंग शिकायचं. फक्त बोर्ड आधी ठरवून जाऊ." भाचा बावीस वर्षांचा, काटकुळा, आणि पोहण्यात तालुक्याला बक्षीस मिळवलेला. मी पन्नाशी ओलांडलेला. पोहता येतं, पण ते विहिरीतलं. बायको नको म्हणेल असं वाटलं होतं. भाच्याने तिला सांगितलं, की कर्नाटकात मुळकीला एका अमेरिकी स्वामींनी आश्रमातच सर्फिंग सुरू केलं होतं. स्वामी आणि आश्रम हे दोन शब्द एका वाक्यात आल्यावर आमच्या घरात विरोध उरत नाही.

मग फोटो यायला लागले. भाच्याला आवडलेल्या सगळ्या फळ्या सहा फुटी, अरुंद, टोकदार आणि चकचकीत. त्यांच्यावर उभा असलेला माणूस लाटेच्या भिंतीवर आडवा झालेला, केस वाऱ्यावर. फोटोतला एकही माणूस पोट आत घेऊन उभा नव्हता, त्यांना ते घ्यावंच लागत नव्हतं. मी वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की फळीची खरी ओळख तिच्या लांबीत नसतेच. ती लिटरमध्ये असते. फळीचं एकूण आकारमान किती लिटर, त्यावर ती किती वजन तरंगवणार ते ठरतं. मुरलेला व्यावसायिक सर्फर पंचवीस-तीस लिटरच्या फळीवर भागवतो, कारण तो वेगात असतो आणि वेगच त्याला वर धरतो. शिकाऊ माणसाला वेग नसतो. त्याला नुसतं पालथं पडून हातांनी पाणी मारायचं असतं, तेव्हा त्याच्या किलोंपेक्षा फळीचे लिटर कमी पडता कामा नयेत. थोडे जास्त असले तर उत्तमच.

"लिटर?" बायको म्हणाली. "अहो, फळी घेताय की टाकी?"

आमच्याकडे लिटर हा शब्द टँकरवाल्याशी बोलताना वापरतात, त्यामुळे तिची शंका रास्त होती. मी तिला आर्किमिडीज समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमचे किलो किती?"

सर्फिंग इथे अवघड होतं. मी अठ्ठ्याहत्तर म्हणालो. हा आकडा मी विम्याच्या अर्जावर लिहिला होता, त्यामुळे त्याला कागदोपत्री आधार होता. बायको मला कोपऱ्यावरच्या कबाड्याच्या काट्यावर घेऊन गेली. तिथे रद्दीच्या दोन गठ्ठ्यांमध्ये उभं करून माझं वजन झालं. ते चौऱ्याऐंशी भरलं आणि कबाडीवाला म्हणाला, "भाईसाब, चप्पल उतारके देख लो." चप्पल काढूनही चौऱ्याऐंशीच. म्हणजे हिशेब सरळ होता: नऊ फूट लांब, साधारण तेवीस इंच रुंद, तीन इंचांहून जाड, पंच्याऐंशी लिटरच्या आसपास. वरून मऊ फोमचं आवरण हवंच, कारण शिकताना माणूस फळीवर कमी आणि फळी माणसावर जास्त वेळा येते. अशी फळी दिसायला अत्यंत भोळी असते. टोक बोथट, रंग बहुधा आकाशी किंवा पिवळा. भाच्याला फोटो पाठवला. त्याने उत्तर दिलं, "मामा, हा दरवाजा आहे."

हे वाद गच्चीवर मोठ्याने व्हायचे, त्यामुळे आळीला कळले. आमच्या शेजारी एक सुतारकाम करणारे राहतात. इकडे त्यांना खाती म्हणतात. त्यांनी नऊ फुटांची शिसवी फळी करून देतो म्हणून सांगितलं, वर हवी तर जाळीची नक्षी. मी हसलो नाही, कारण हा माणूस चुकीच्या शतकात जन्मला होता, एवढंच. हवाईमध्ये फळ्या लाकडाच्याच असत. ‘ओलो’ नावाच्या लांबलचक फळ्या सरदार-राजांसाठी आणि ‘अलाया’ नावाच्या आखूड, पातळ फळ्या इतरांसाठी. फळीवरून माणसाची पायरी ओळखायची ही पद्धत आमेरच्या दरबारालाही पटली असती. ज्याने १९१२च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं आणि पुढे सर्फिंग जगभर नेलं, त्या ड्यूक कहानामोकूची फळी सोळा फुटांची आणि पन्नास किलोंहून जड होती. फोमच्या हलक्या फळ्या आल्या त्या १९५०च्या दशकात. खातीजींना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "पचास किलो? शीशम में सत्तर जाएगा." त्यांच्या आवाजात स्पर्धा होती.

किल्ल्यावर वाटाड्याचं काम करणारे एक गृहस्थही आमच्या जिन्यात भेटतात. मराठी माणूस दिसला, की ते लगेच मिर्झाराजे जयसिंगांवर येतात. १६६५, पुरंदरचा तह, तेवीस किल्ले, हे सगळं ते आदराने पण जरा घरच्या कार्यासारखं सांगतात. सर्फबोर्डाचं ऐकल्यावर त्यांनी तह बाजूला ठेवला आणि मला शिळादेवीची आख्यायिका सांगितली: राजा मानसिंगाला स्वप्नात दृष्टांत झाला आणि जसोरजवळ समुद्रातून एक शिळा निघाली, तीच इथली देवी. "आमेरवालों ने समंदर से शिला निकाली थी," ते म्हणाले, "आप पहले आदमी हैं जो डालने जा रहे हैं." यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

खरा सल्ला मिळाला तो एका महावताकडून. तो हाथीगावचा. सकाळच्या फेऱ्या संपवून हत्तिणीला परत नेताना आमच्या नाक्यावर चहाला थांबतो. किल्ल्यावर चढणाऱ्या बहुतेक हत्तिणीच असतात, आणि एका हत्तिणीवर दोनच प्रवासी. मी त्याला विचारलं, नव्या महावताला पहिल्यांदा कोणती देता? चपळ, तरणी? त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "साब, सीखनेवाले को बूढ़ी देते हैं. चौड़ी पीठ, भारी बदन. मुड़ती देर से है, पर गिराती नहीं. तेज़वाली तो उसको चलाती है, जो पहले से बैठना जानता हो." सर्फिंगच्या पुस्तकांत हे सांगायला चित्रं, बाण आणि बलांचे त्रिकोण लागतात. रुंद फळी डगमगत नाही, जाड फळी बुडत नाही, लांब फळी लहानशा लाटेतही सुटते. ती वळत नाही ही तिची खोड आहे, पण शिकाऊ माणसाला वळून जायचं तरी कुठे असतं? त्याला किनाऱ्याकडेच जायचं असतं. मी हे सगळं भाच्याला कळवलं. तो म्हणाला, "मामा, तू हत्तीवरून सर्फिंग शिकतोयस."

फळीच्या बाकीच्या गोष्टी मी पटकन उरकल्या. खालच्या पंखांबद्दल भाचा बराच वेळ बोलला. शिकाऊ फळीचे पंख मऊ प्लॅस्टिकचे असले म्हणजे झालं, कारण ते पोटरीला लागणारच आहेत. पायाला बांधायची दोरी मात्र मी मनावर घेतली. कॅलिफोर्नियात वेटसूट विकून नाव काढलेल्या जॅक ओनीलचा डावा डोळा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अशाच दोरीने गेला. दोरी ताणली गेली आणि फळी उसळून परत आली. तेव्हाच्या दोऱ्या फार ताणल्या जायच्या. आताच्या तशा नसतात, तरी पडल्यावर वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती धरायचे, हे मी आमच्या मोरीतही करून पाहिलं.

मेणाचं प्रकरण वेगळंच झालं. पाय घसरू नये म्हणून कडक फळीवर मेण घासतात. मऊ फळीला ते बहुधा लागतही नाही, पण भाच्याने उत्साहात एक वडी पाठवली, गरम पाण्याच्या समुद्रासाठीची, पांढरी, आणि नारळाच्या वासाची. राजस्थानात नारळाचा वास आला, की कोकणी माणूस हळवा होतो. मी ती खिडकीत ठेवली. सप्टेंबरचं ऊन चढलं, वडी पसरली आणि वास जिन्यापर्यंत गेला. वरच्या मजल्यावरच्या भाभीजी खाली आल्या, बशीतली वडी पाहिली, आणि "आपकी तरफ़ की मिठाई है?" असं म्हणत बोटभर चाखायला निघाल्या. बायकोने त्यांचा हात वरच्यावर धरला. त्या रागावल्या. मराठी लोक मिठाईलासुद्धा हात लावू देत नाहीत, असा गैरसमज त्या मजल्यावर अजून आहे.

एका मुद्द्यावर मी भाच्याशी कडक राहिलो: शिकाऊ माणसाने फळी विकत घ्यायची नाही. भाड्याने घ्यायची. एक तर शिकता शिकता फळी लहान होत जाते, आणि नवशिक्याने विकत घेतलेली पहिली फळी वर्षभराने गॅलरीत कपडे वाळवायला उभी राहते. दुसरं म्हणजे गोव्यात सर्फिंग शिकवणारे फळी देतातच. पावसाळ्यात तिकडचा समुद्र खवळलेला, नवशिक्याने पाण्यात पाय घालायचा नाही. ऑक्टोबरनंतर लाटा लहान आणि शिस्तीच्या होतात, आणि अशा लहान लाटांना मोठीच फळी लागते. हे मी सगळं वहीत लिहून काढलं आणि बायकोलाही वाचून दाखवलं.

डिसेंबरात आम्ही पेडणे तालुक्यात आश्वेच्या किनाऱ्यावर पोचलो. शिकवणारा मुलगा काळाकुळकुळीत, केस उन्हाने पिवळे. त्याने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मांडवातून नऊ फुटी आकाशी फळी ओढून काढली. "काका, हीच." भाच्याने सहा फुटी मागितली. मुलगा "उद्या" म्हणाला आणि त्याच्या हातात आठ फुटी दिली. भाचा ती घेऊन आत गेला तो दुपारपर्यंत पांढऱ्या फेसात दिसत होता आणि नाहीसा होत होता. मी गुडघ्यांवर येईपर्यंत मजल मारली. गुडघे ही माझ्या वयात मोठी जागा आहे.

मग बायको म्हणाली, "मी बघू?" तिला पोहता येतं, मालवणला लहानपणी खाडीत शिकलेली. मी मनातल्या मनात हिशेब केला: अठ्ठावन्न किलो, पंच्याऐंशी लिटर. हिच्यासाठी तर ही फळी नव्हे, ओटा होता. मुलाने कंबरभर पाण्यात फळीला ढकललं, बायको पालथी होती ती हात टेकून उठली आणि सरळ उभी राहिली. किनाऱ्यापर्यंत आली. पदर खोचलेला असावा तशी ऐटीत उतरली, दोरी सोडली, आणि मुलाला विचारलं, "ही विकत केवढ्याला?"

मी वही काढली. तिने वहीकडे पाहिलं नाही. "तुमच्या वहीत तुमचं लिहिलंय," ती म्हणाली. "मी शिकाऊ कुठे राहिले आता?"

गोव्याहून जयपूरला थेट जाणारी मरुसागर एक्स्प्रेस आठवड्यातून एकदा असते. बर्थ सहा फुटांची, फळी नऊ फुटांची. मडगावला फलाटावर मी मालडब्याची चौकशी करत होतो, तेवढ्यात बायकोने टीसीला गाठलं होतं. फळी दोन साइड लोअरवर मिळून आडवी बसेल का, असं ती त्याला विचारत होती, आणि बसत असेल तर दुसऱ्या बर्थवरचा माणूस वर जाईल का. दुसऱ्या बर्थचं तिकीट माझ्या नावावर होतं.