कोयता एक, माणसं दोन

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोड मजुरांचे ट्रॅक्टर भरभरून निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे. टोळीत किती जण, असं मजूर जमवणाऱ्या मुकादमाला विचारलं तर तो सांगतो, दहा कोयते. म्हणजे वीस माणसं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा.

हा शब्द मला सलतो, कारण सगळा हिशेब त्यावरच चालतो. कारखाना वाहतूकदाराला पैसे देतो, वाहतूकदार मुकादमाला, मुकादम कोयत्याला. उचल, म्हणजे हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात पडते, फेडायची दोघांनी. उसाच्या फडात दोघंही राबतात. मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढवायचं काम बहुतेक तिच्याकडे असतं. कोपीतली, म्हणजे तिथल्या झोपडीतली, चूल पहाटे तीच पेटवते, पोरं तीच सांभाळते, आणि गाडी रात्री आली तर भरायला पुन्हा उठते. एवढं करून मजुरी तिच्या नावावर पडत नाही. तिच्या वाट्याला येतं ते कर्ज.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. दिवसाला दोन टन तोडले तर ७३२ रुपये, तेही दोन माणसांचे, तेही आधी उचलीत वळते होणारे. उसाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला मिळायचा किमान दर, केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६ साठी ती क्विंटलला ३५५ रुपये आहे आणि ती चौदा दिवसांत देणं कायद्याने बंधनकारक आहे. शेतकऱ्याने ते भांडून मिळवलं, आणि ते त्याच्या हक्काचंच आहे. तोडणाऱ्याच्या दराला मात्र असा कायदा नाही. तो साखर संघ, संघटना आणि लवादातले पुढारी बसून तीन वर्षांसाठी ठरवतात. मोळी वाहणाऱ्या बाईला त्या बैठकीत कोण बसवतं?

आणि खाडा. एक दिवस काम चुकलं की कोयत्याला दंड. पाळी आली, पोट दुखलं, बाळंतपण जवळ आलं, तरी खाडा तो खाडाच. २०१९ मध्ये खाडा टाळण्यासाठी बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचं निघालं. लोक डॉक्टरांवर चिडले, आणि चिडायलाच हवं होतं. पण खाड्याची भीती डॉक्टरने निर्माण केलेली नाही. ती मुकादमाच्या वहीतून येते, आणि त्या वहीतला पैसा कारखान्यातून.

सरकारने बीडचे दिवंगत नेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ काढलं, मुलांसाठी वसतिगृहांची योजना आणली, ओळखपत्रं वाटायला घेतली. बरं झालं. पण ओळखपत्रावर नाव आलं म्हणून मजुरी हातात येत नाही.

पुढच्या हंगामाच्या उचली पावसाळ्यातच वाटल्या जातात. त्याआधी एवढं झालं पाहिजे: करारात दोन नावं, बँकेत दोन खाती, पाळीच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांना खाडा नाही. आणि करार करायचा तो कारखान्याने, मुकादमाने नव्हे.