मास्तरांच्या कम्प्युटरवर कुणाचं राज?

"आक्का, ऐकलं का? मास्तरांच्या कम्प्युटरचा कुणीतरी ताबा घेतलाय म्हणं."

"आता गं बाई! कुणी?"

"तेच तर कळंना झालंतं. सेटिंग उघडली की लाल अक्षरात येतंय, काही सेटिंग तुमची संस्था सांभाळती म्हणून. रिटायर माणसाला कसली आलीय संस्था? एका पतसंस्थेत सभासद होते, ती बी बुडाली. कॅमेऱ्यावर कागद चिकटवलाय. काकू म्हणत्यात, त्या खोलीत झाडताना बी पदर सावरून झाडते."

"हसू नगंस. मास्तर पेपर वाचणारा माणूस, त्यांना उगं भ्या वाटंल का? पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे 94 कोटी गेले 2018 ला, ते काय तिजोरी फोडून न्हेले का? आन त्या भीमा-कोरेगावच्या खटल्यात अमेरिकेच्या आर्सेनल कंपनीनं 2021 ला अहवाल दिला, की आरोपी रोना विल्सनच्या लॅपटॉपमधी बाहेरनं कुणीतरी 22 महिने शिरत होतं, कागदं ठेवत होतं. कोर्टात काय ठरायचं ते ठरंल, पण ऐकून झोप उडती का न्हाई?"

"हितं तसलं काई न्हाई निघालं. त्यांचं पोरगं दिवाळीला पुण्याहून आलंतं. कंपनीची मेल बापाच्या मशीनवर उघडली. तवा कम्प्युटर विचारतंय, हे मशीन तुमच्या कंपनीला सांभाळू द्यायचं का? टिक आधीच केलेली असती. ह्यानं ओके दाबलं आन गेला निघून. अकाउंट्समधी 'वर्क ऑर स्कूल' म्हणून असतंय, तिथनं मास्तरांच्या पुतणीनं ते खातं तोडलं. अक्षरं गायब."

"मिटलं की मग."

"कुठलं मिटतंय! बघता बघता तिला एनीडेस्क दिसलं. प्रिंटर बसवायला आलेलं पोरगं टाकून गेलंतं, कायमचा पासवर्ड लावून. सारखं यायला नको म्हणून. म्हंजी ते घरी बसून कवा बी मास्तरांचं मशीन उघडणार. ॲप तसं वाईट न्हाई, पण घराची किल्ली गवंड्याच्या खिशात ऱ्हायली की! ह्याच ॲपवरनं रिझर्व्ह बँकेनं 2019 ला बँकांना सावध केलंतं."

"मग मास्तर काय म्हणले?"

"म्हणले, असू दे, आपलंच पोरगं हाय! लाल अक्षराला घाबरून कागद चिकटवला, आन ह्या प्रिंटरवाल्याला बोलावून चहा पाजला."

"माणूसच तसा भोळा."

"तुम्ही लई शहाण्या! पीकविम्याच्या टायमाला आधार, पासबुक, ओटीपी, समदं सेंटरवाल्याच्या वहीत लिहून आलाव. आधारचा अंगठा लॉक करता येतोय, केलाव का?"

"माझ्या खात्यात हाय काय, कुणी चोरायला?"

"खवाभट्टीवरनं दुधाचे किती आले सांगू? परवाचा मेसेज माझ्याच पोरानं वाचून दाखवलाय तुम्हाला."

"हळू बोल की! पलीकडची कान लावून बसलीया."