अंगठाबहाद्दर

बाळंभटदादा देवधर आमच्या शेजारच्या निफाड तालुक्यातल्या कोठुऱ्याचे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात अली आणि गुलाब या मल्लांनी आव्हान दिलं, तेव्हा दादा सप्तशृंगगडावर गेले आणि तिथली माकडं बघून त्यांना मल्लखांब सुचला, अशी कथा आहे. आमचं चांदवडही त्याच सातमाळेच्या रांगेत. माकडांना इथेही तोटा नाही. पण ती बघून आमच्याकडे आजवर सुचली ती फक्त गोफण.

पुतणी मात्र दोरीचा मल्लखांब शिकते. हा प्रकार मूळचा वेताचा; लांब वेत मिळेनासा झाला तसा सुती दोर आला. स्पर्धेचा दोर साधारण साडेपाच मीटरचा, आणि त्याला कुठेही गाठ नसते. ही माहिती जमिनीवर उभं राहून ऐकली तर अगदी निरुपद्रवी वाटते. वर मात्र सगळा देह पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या चिमटीत अडकवायचा असतो. पुतणी तशी अडकून वर पद्मासन घालते, वर हसतेही. माझ्या अंगठ्याने पन्नाशीपर्यंत चपलेचा अंगठा सोडून काही धरलेलं नाही, आणि लग्नाच्या पंगतीत तोही सुटतो.

सर्कशीतल्या झुल्याखाली निदान जाळी असते, समोरून कोणीतरी हात देतं. इथे खाली गादी आणि समोर सर. सर हात देत नाहीत, सूचना देतात.

लाकडी खांब त्यातल्या त्यात बरा म्हणावा, तर त्याला एरंडेल लावतात. कातडी सोलू नये म्हणून. कमी लावलं तर मांड्या सोलतात, जास्त लावलं तर माणूस सरळ खाली. आमच्या पिढीने हे तेल रविवारी सकाळी पोटात घेतलेलं; नुसत्या वासानेच मी परसाकडे बघू लागलो. मल्लखांबात पोट आत ओढून धरायचं असतं, हा आणखी एक जाच.

"काका, खाली बघू नका," मला दोरावर चढवून पुतणी म्हणाली.

वर बघितलं. वर तुळईला दोराचा आकडा. तो ज्याने बसवला त्यानेच आमच्या न्हाणीघरातला नळ बसवलाय. नळ अजून ठिबकतो.