विसर्जन नसलेल्या मूर्ती: एक प्राथमिक विवेचन

चाहत्यांचे संमेलन म्हणजे चित्रपट, चित्रकथा किंवा संगणकावरील खेळ यांतील काल्पनिक पात्रांवर जीव जडलेल्या प्रौढ स्त्रीपुरुषांनी तिकीट काढून एकत्र जमण्याचा सोहळा होय. या सोहळ्याचा गाभारा म्हणजे संग्राह्य पुतळे बनवणाऱ्या कंपन्यांची काचेची कपाटे. त्यांत वीतभर उंचीचे वीर दिव्यांच्या झोतात उभे असतात आणि मोबाईल उंचावलेले भाविक त्यांच्यासमोरून रांगेने, ढकलले जात, पुढे सरकतात. भारतातील पहिले ‘कॉमिक कॉन’ २०११ मध्ये दिल्लीत भरले आणि पुढे ते मुंबईचेही नित्याचे झाले. मुंबई–गोवा महामार्गाच्या पनवेल–इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरणही २०११ मध्येच सुरू झाले. या दोन उपक्रमांपैकी दरवर्षी पार पडतो तो एकच, आणि म्हणून कोकणातील जयगडहून याच महामार्गाने मुंबईच्या संमेलनास गेलेल्या तरुणाजवळ परतल्यावर पुतळ्यांपेक्षा प्रवासाविषयी सांगण्यासारखे अधिक असते.

या पुतळ्यांना खेळणे म्हणावे की नाही, हा प्रश्न अभ्यासकांपेक्षा जकात अधिकाऱ्यांना अधिक छळत आला आहे. १९६४ मध्ये अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ नावाचा बारा इंची सैनिक बाजारात आणला, तेव्हा मुलगे बाहुली विकत घेणार नाहीत या भीतीने त्या बाहुलीस ‘ॲक्शन फिगर’, म्हणजे सांधे हलवून निरनिराळ्या पवित्र्यांत उभा करता येणारा पुतळा, असे मर्दानी नाव देण्यात आले. पुढे बाहुलीवर १२ टक्के आणि इतर खेळण्यांवर ६.८ टक्के आयातशुल्क आहे असे आढळताच टॉय बिझ या कंपनीने न्यायालयात धाव घेऊन, एक्स-मेन वगैरे आपले पुतळे माणसांचे नसल्यामुळे ते बाहुल्या ठरत नाहीत, असा युक्तिवाद केला, आणि २००३ मध्ये न्यायालयाने तो मान्यही केला. आपल्यालाही माणूस समजा, या मागणीसाठी जे वीर चित्रकथांच्या पानापानांवर झगडत होते, त्यांचे माणूसपण त्यांच्याच मालकांनी ५.२ टक्क्यांना सोडून दिले. भारतात खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. तेव्हा येथील चाहत्याला आपल्या दैवताच्या मनुष्यत्वाची चर्चा परवडण्याजोगी राहिलेली नाही.

संग्राह्य पुतळ्याचा पहिला नियम असा की तो खोक्यातून बाहेर काढू नये, कारण खोके उघडताच त्याची किंमत घसरते. आणि दुसरा नियम असा की तो आगाऊ पैसे भरून मागवावा आणि मिळेल तेव्हा घ्यावा. या दुसऱ्या नियमाचा परमोत्कर्ष १९७७ च्या नाताळात झाला. ‘स्टार वॉर्स’ चित्रपट अनपेक्षितपणे चालला, केनर कंपनीचे पुतळे तयार नव्हते, म्हणून कंपनीने पुतळ्यांऐवजी पुठ्ठ्याचे पाकीट आणि त्यात एक प्रमाणपत्र विकले, जे टपालाने पाठवल्यास पुढच्या वर्षी चार पुतळे घरी येणार होते. रिकामे पाकीट विकता येते हा शोध व्यापारशास्त्रात क्रांतिकारक मानला जातो, आणि कोकणातील कोणत्याही ग्रामस्थास तो समजावून सांगताना अभ्यासकाची पंचाईत होते. कोकणात मागणी नोंदवण्यासाठी ‘पाट देणे’ ही रीत रूढ आहे: घरचा लाकडी पाट, त्यावर सुपारी-विडा ठेवून, गणपतीच्या कारखान्यात नेऊन द्यायचा, मूर्तिकार त्याच्या पाठीवर घराण्याचे नाव लिहितो, आणि त्याच पाटावर यथाकाल मूर्ती बसते. येथे पाकीट गिऱ्हाईकाचे, प्रमाणपत्र नाही, पावती क्वचितच, आणि तरीही चतुर्थीच्या आदल्या दिवशी पाट रिकामा परत आला असे घडले, तर त्या कारखानदाराला गावात तोंड दाखवणे कठीण होईल.

जयगड आणि गणपतीपुळे या पट्ट्यातील असा एखादा कारखाना, म्हणजे बहुधा पावसापुरती ताडपत्री लावून वाढवलेली घराची पडवी, श्रावणात पाहिल्यास संमेलनातील कपाटांचे रहस्य उलगडू लागते. फळ्यांवर पेण, हमरापूर किंवा जोहे येथून आलेल्या ‘कच्च्या’, म्हणजे न रंगवलेल्या, पांढऱ्याफटक मूर्ती ओळीने असतात. खाली शाडूच्या मातीचे गोळे ओल्या गोणपाटात गुंडाळलेले असतात. एका कोपऱ्यात सुटे हात पडलेले असतात, त्यांत मोदकाचे वेगळे आणि आशीर्वादाचे वेगळे. जपानमध्ये १९८५ पासून ‘वंडर फेस्टिव्हल’ नावाचे संमेलन भरते आणि तेथे हौशी कलावंत सुट्या भागांचे न रंगवलेले पुतळे विकतात, जे जोडून रंगवण्याचे काम गिऱ्हाइकाचे असते. जगभरातील समीक्षक या प्रकाराकडे आदराने पाहतात. पेणहून टेंपोत भाताच्या पेंढ्यावर बसून आलेल्या कच्च्या मूर्तीस हे भाग्य लाभलेले नाही, कारण तिच्याविषयी कोणी इंग्रजीत लिहिलेले नाही.

खरी कसोटी डोळ्यांची. रंगकाम घरातली पोरेही करतात, पण ‘आखणी’, म्हणजे डोळ्यांच्या कडा आणि बुबुळे रेखणे, हे मुख्य मूर्तिकाराचेच काम असते. तो दिवा जवळ ओढतो, कुंचल्याचे टोक जिभेने नव्हे तर अंगठ्याच्या नखावर सारखे करतो, श्वास रोखतो आणि एका ओढीत पापणी काढतो, आणि तेवढा वेळ पडवीतील सर्वांना खोकण्याची बंदी असते. संमेलनात मांडलेल्या दोनतीनशे डॉलरांच्या पुतळ्यांतही चोखंदळ चाहता प्रथम डोळेच पाहतो आणि एक बुबुळ केसभर सरकलेले आढळल्यास कंपनीकडे तक्रार करतो. पडवीत तक्रारीची सोय वेगळी असते: घरातील आजी मूर्ती पाहून “औंदा जरा रागावलेला दिसतो” एवढेच म्हणते, आणि मूर्तिकार मुकाट्याने पुन्हा कुंचला उचलतो.

हक्कांच्या बाबतीत मात्र कोकण आणि एकूणच महाराष्ट्र फारच मागासलेला आहे हे कबूल करावे लागते. जपानच्या त्या संमेलनात हौशी कलावंतास मूळ पात्राच्या मालकाकडून केवळ एका दिवसापुरता विक्रीचा परवाना मिळतो आणि सायंकाळनंतर त्याच पुतळ्याची विक्री बेकायदेशीर ठरते. आपल्याकडे ‘बाहुबली’ चित्रपट गाजला त्या वर्षी गणपती शिवलिंग खांद्यावर घेऊन उभा राहिला, २०२२ मध्ये तो ‘पुष्पा’ होऊन हनुवटीखालून हात फिरवू लागला, आणि यासाठी निर्माता आणि गणपती या दोन्ही पक्षांपैकी कोणाचीच परवानगी घेण्यात आली नाही. धर्मनिष्ठांनी या प्रकारावर केलेली टीका योग्यच होती. तथापि चित्रपटाच्या निर्मात्याने नुकसानभरपाई मागितली असती, तर प्रतिवादी म्हणून कोणाचे नाव लिहावे, या प्रश्नावर वकिलांची एक पिढी सुखाने जगली असती.

प्रमाण, म्हणजे मूळ आकाराशी पुतळ्याचे गुणोत्तर, हाही या क्षेत्रातील अभिमानाचा विषय आहे. एकास सहा हे प्रमाण प्रतिष्ठेचे समजले जाते. जयगडच्या वाटेवर गणपतीपुळ्याजवळ असलेल्या ‘प्राचीन कोकण’ या संग्रहालयात सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचे बलुतेदार आणि ग्रामस्थ एकास एक या प्रमाणात, झाडाखाली, उन्हापावसात उभे आहेत, आणि त्यांना खोके नाही. दिवाळीतील किल्ल्यांत तर प्रमाणाचा सिद्धान्तच निकाली निघतो: महादरवाजापेक्षा मावळा उंच, मावळ्यापेक्षा कोंबडा उंच, तुटलेल्या भाल्याच्या जागी माडाच्या झावळीचा हीर, आणि बुरुजावर आधुनिक सैन्याचा हिरवा प्लॅस्टिकचा जवान बंदूक रोखून शिवकालाचे रक्षण करीत असतो. शास्त्री नदीच्या मुखावर खरा जयगड मात्र अजून उभा आहे. ज्याच्या बलिदानामुळे गडाला हे नाव पडले असे परंपरा सांगते, त्या जयबाचा पुतळा कोणत्याही बहुराष्ट्रीय कंपनीच्या कपाटात लवकर येईल असे दिसत नाही, कारण त्याच्यावर तीन भागांचा चित्रपट निघालेला नाही.

राहता राहिला शेवटचा विधी. संग्राह्य पुतळ्यांच्या संप्रदायात स्थापना आहे, दर्शन आहे, नवस आहे, नैवेद्याऐवजी मासिक हप्ता आहे. नाही ते फक्त विसर्जन. त्याचा परिणाम २०२३ मध्ये दिसला, जेव्हा मोठ्या डोक्याच्या चिमुकल्या पुतळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या फंको कंपनीने, साठा ठेवण्याचा खर्च परवडत नसल्याने, तीन कोटी ते तीन कोटी साठ लाख डॉलर किमतीचा माल कचराभूमीत टाकण्याचे जाहीर केले. विसर्जन झालेच, पण ना आरती, ना ढोल, ना पुढल्या वर्षीचे आवतण. याउलट जयगडच्या किनाऱ्यावर शाडूची मूर्ती पाण्यात उतरताच पुढील वर्षाची मागणी आपोआप निर्माण होते, आणि मागे उरतो तो पाट, जो पुन्हा वापरता येतो. हे व्यापारी चातुर्य कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राच्या संस्थेने अद्याप अभ्यासक्रमात घेतलेले नाही. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात विरघळत नाही आणि त्यामुळे ती घडवण्याची मुभा व ती बुडवण्याचे निर्बंध यांवर २०२५ मध्ये उच्च न्यायालयात बराच खल झाला; कच्च्या मूर्तींतही प्लॅस्टरच्या मूर्तींची संख्या मोठी असल्याने या पट्ट्यातील पडव्याही, हळूहळू का होईना, संग्राह्य पुतळ्यांच्या संप्रदायात प्रवेश करीत आहेत, असे म्हणणे भाग आहे.

संमेलनाहून खोके घेऊन परतणाऱ्या चाहत्यांना एवढीच विनंती की त्यांनी ते खोके खुशाल न उघडता ठेवावे, पण घरच्या माळ्यावरचा पाट खाली काढून, धुऊन, वेळेत कारखान्यात पोचवावा आणि देताना मूर्ती शाडूचीच हवी असे स्पष्ट सांगावे. कारण शाडूला सुकण्यास वेळ लागतो, श्रावणात ऊन नसते, आणि उशिरा आलेल्या पाटावर मूर्तिकार जे शिल्लक असेल तेच बसवतो.